लहान मुलांच्या होमस्कूलिंगसाठी इतिहासाचा अभ्यासक्रम कसा निवडावा

होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणाऱ्या पालकांना गणिताचा किंवा वाचनाचा अभ्यासक्रम निवडताना फारशी अडचण येत नाही, कारण कशानंतर काय शिकवायचे याबद्दल बहुतेकांचे एकमत असते. बेरीज आल्याशिवाय गुणाकाराकडे कोणी जात नाही. इतिहासाला असा जिना नाही. सहा वर्षांच्या मुलाला आधी प्राचीन इजिप्त सांगायचे की आजीचे बालपण, राजांच्या गोष्टी सांगायच्या की शेतीची सुरुवात, सनावळी पाठ करून घ्यायची की नाही, या प्रत्येक प्रश्नावर जाणकारांमध्येही मतभेद आहेत आणि प्रत्येक मताचा तयार संच विकत मिळतो. या लेखात साधारण पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ही निवड कशी करावी, हे पायरीपायरीने मांडले आहे. माझे म्हणणे मुळात एकच आहे: या वयात अभ्यासक्रमाची खरी परीक्षा पाठ वाचून पुस्तक मिटल्यावर होते, मूल आपल्या शब्दांत काय सांगते आणि काय विचारते त्यावरून. बाकीच्या पायऱ्या त्या परीक्षेची तयारी आहेत.

पहिली पायरी: मुलाला काळ कितपत कळतो ते पाहा

पाच वर्षांचे मूल गेल्या महिन्यातल्या गोष्टीलाही ‘काल’ म्हणते. सात वर्षांच्या मुलाला ‘खूप पूर्वी’ आणि ‘खूप खूप पूर्वी’ यांतला फरक कळू लागतो, पण तीनशे वर्षे आणि तीन हजार वर्षे त्याला सारखीच मोठी वाटतात. कीथ बार्टन आणि लिंडा लेव्हस्टिक या अमेरिकी संशोधकांनी १९९० च्या दशकात प्राथमिक वयाच्या मुलांना वेगवेगळ्या काळांतील चित्रे देऊन ती क्रमाने लावायला सांगितली होती. अगदी लहान मुलांनीही कपडे, वाहने आणि घरे पाहून जुने कोणते आणि नवे कोणते हे बऱ्यापैकी ओळखले. सन मात्र त्यांच्या फारसे कामाचे नव्हते, आकड्यांना अर्थ येऊ लागला तो आणखी मोठ्या मुलांच्या बाबतीत. यावरून निवडीसाठी एक ठाम निकष मिळतो. जो अभ्यासक्रम सहा वर्षांच्या मुलाकडून सनावळी पाठ करून घेण्यावर उभा आहे, तो बाजूला ठेवावा. जो ‘आधी हे, नंतर ते’ एवढा क्रम चित्रांतून आणि वस्तूंतून पक्का करतो, तो पुढच्या फेरीसाठी ठेवावा.

घरच्या घरी हे तपासायला दहा मिनिटे पुरतात. गुहाचित्र, बैलगाडी, वाफेचे इंजिन, जुना तबकडीचा दूरध्वनी आणि मोबाइल अशी पाच चित्रे मुलासमोर ठेवा, क्रमाने लावायला सांगा आणि प्रत्येक वेळी ‘हे आधीचं कशावरून?’ असे विचारा. क्रम चुकला तरी बिघडत नाही. मुलाने दिलेली कारणे लिहून ठेवा, कारण पुढे नमुना-पाठ निवडताना त्याला कोणत्या पातळीचा मजकूर झेपेल याचा अंदाज त्या कारणांवरूनच येतो.

दुसरी पायरी: मांडणी ठरवा

बाजारात नावे कितीही असली तरी लहान मुलांसाठीच्या इतिहासाच्या मांडण्या मोजक्याच आहेत. त्यांतली कोणती आपल्या घराला बसते हे ठरवले की निम्म्याहून अधिक संच आपोआप गळून पडतात.

पहिली मांडणी विस्तारत जाणाऱ्या वर्तुळांची आहे: आधी मी, मग माझे घर, मग परिसर, गाव, देश आणि शेवटी जग. विसाव्या शतकात अमेरिकी प्राथमिक शाळांत ती रुजली आणि अनेक देशांच्या क्रमिक पुस्तकांत तिची छाप दिसते. जवळचे ते सोपे आणि दूरचे ते अवघड, हे तिचे गृहीतक आहे. वरवर पाहता ते पटते, पण मला ते पुरते मान्य नाही. कॅनडात अध्यापन केलेले शिक्षणतज्ज्ञ किअरन ईगन यांनी यावर नेमके बोट ठेवले होते: ज्या मुलाला राक्षस, चेटकीण आणि बोलणारे प्राणी सहज समजतात, त्याला दूरचा काळ समजत नाही असे म्हणणे चुकीचे आहे. शूर आणि भित्रा, न्याय आणि अन्याय, सुरक्षित आणि धोक्यात, या जोड्या मुलाच्या मनात आधीच पक्क्या असतात आणि त्यांच्या आधाराने ते पाच हजार वर्षे मागे सहज जाते. पोस्टमन काय करतो आणि अग्निशमन दलाचा बंब कसा असतो, यावर वर्षभर रेंगाळणारा अभ्यासक्रम पाहिला की मला त्या मुलाची काळजी वाटते, कारण ही माहिती त्याला रस्त्यावरून जाता-येता मिळतेच. तरीही या मांडणीतला एक भाग उचलून घ्यावा. घरातल्या वृद्ध माणसाला त्याच्या बालपणाबद्दल विचारणे, जुने छायाचित्र किंवा जुनी वस्तू पाहून त्याबद्दल प्रश्न विचारणे, हे पुराव्यावरून बोलण्याचे पहिले शिक्षण आहे आणि ते कोणत्याही अभ्यासक्रमाला जोडता येते.

दुसरी मांडणी कालक्रमाची. होमस्कूलिंग करणाऱ्यांत चार वर्षांचे चक्र विशेष प्रचलित आहे: पहिल्या वर्षी प्राचीन काळ, दुसऱ्या वर्षी मध्ययुग, तिसऱ्या वर्षी आधुनिक काळाची सुरुवात आणि चौथ्या वर्षी अलीकडचा काळ. सहाव्या वर्षी सुरुवात केली तर दहाव्या वर्षी तेच चक्र पुन्हा, पण अधिक खोलात सुरू होते. कोणताही विषय प्रामाणिक स्वरूपात कोणत्याही वयाच्या मुलाला शिकवता येतो आणि तो पुन्हा पुन्हा वाढत्या खोलीने यावा, असा विचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडला होता. तो या चक्राला चांगला लागू पडतो. या मांडणीचे दोन मोठे फायदे आहेत. गोष्टींना आपोआप आधी-नंतर मिळते, आणि वेगवेगळ्या वयांची भावंडे एकाच काळात एकत्र राहू शकतात: सहा वर्षांचा गोष्ट ऐकतो, नऊ वर्षांची त्यावर लिहिते.

तिचा तोटा मात्र कॅलेंडर काढून बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. सहाव्या वर्षी सुरुवात केली तर दोन महायुद्धे, ज्यूंचा वंशसंहार आणि अणुबाँब हे सारे नवव्या वर्षी येते. शेजारी सहा वर्षांचे धाकटे भावंड बसलेले असेल तर ते त्याच्या सहाव्या वर्षी येते. म्हणून कालक्रमाचा संच घेण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे वय आणि त्या वर्षीचा कालखंड असा छोटा तक्ता करावा. तक्त्यात जिथे अडचण दिसेल तिथे चौथे वर्ष पुढे ढकलता येते किंवा धाकट्यासाठी त्या महिन्यांत वेगळे चरित्र वाचता येते.

तिसरी मांडणी विषयसूत्राची आहे: पाणी, लेखन, घरे, प्रवास असा एकेक धागा घेऊन तो सगळ्या काळांतून फिरवायचा. एकच मूल असेल, त्याला एखाद्या गोष्टीचे वेड असेल आणि पालकाला स्वतः साहित्य जमवायची हौस असेल तर ही मांडणी फार सुंदर चालते. एरवी काळाचा क्रम विस्कटतो आणि मुलाच्या डोक्यात सगळे ‘पूर्वी’ एकाच टोपलीत जमा होते. चरित्रांवर आधारलेली चौथी मांडणी पाच-सहा वर्षांच्या मुलांना आवडते, पण तिच्यात राजे, सेनापती आणि शोधक यांचीच गर्दी होते. दुसऱ्या कशाची तरी जोड देऊनच ती वापरावी.

माझा कल विचाराल तर सात वर्षांपर्यंत निवडक गोष्टी आणि घरातल्या माणसांच्या आठवणी, त्यानंतर कालक्रम, असा आहे.

तिसरी पायरी: नमुना-पाठ मागवा आणि त्यात तथ्ये तपासा

संपूर्ण संच विकत घेण्याआधी किमान दोन पाठ हाती घ्यावेत. बहुतेक प्रकाशक नमुना देतात. नसेल तर ग्रंथालयातून किंवा ओळखीच्या पालकांकडून एक खंड आणावा. त्यातला एक पाठ तुम्हाला चांगला माहीत असलेल्या विषयावरचा असावा आणि दुसरा अजिबात माहीत नसलेल्या. पहिल्यावरून लेखकाचा काटेकोरपणा कळतो, दुसऱ्यावरून तो समजावून सांगतो कसा हे कळते.

काही चुका इतक्या पसरलेल्या आहेत की त्या कसोटीचे काम करतात. कोलंबसाच्या काळी लोक पृथ्वीला सपाट मानत होते आणि त्याने ती गोल असल्याचे सिद्ध केले, असे पुस्तकात असेल तर सावध व्हावे. ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सावलीच्या कोनावरून पृथ्वीचा परीघ मोजला होता, आणि कोलंबसाच्या काळातला खरा वाद पृथ्वी किती मोठी आहे यावर होता. त्या वादात कोलंबसच चुकला होता. सपाट पृथ्वीची ही कथा लोकप्रिय केली ती १८२८ मध्ये वॉशिंग्टन आयर्विंग या लेखकाने लिहिलेल्या चरित्राने. व्हायकिंग योद्ध्यांच्या शिरस्त्राणांवर शिंगे दाखवली असतील तर चित्रकाराने पुराव्याऐवजी एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीवरची वेशभूषा उचलली आहे. पिरॅमिड गुलामांच्या फौजांनी बांधले असे ठामपणे लिहिले असेल तर १९९० पासून गीझाजवळ सापडत गेलेली कामगारांची थडगी लेखकाच्या वाचनात आलेली नाहीत: राजाच्या पिरॅमिडशेजारी मानाने पुरलेली ही माणसे होती आणि त्यांतल्या काहींची मोडलेली हाडे नीट जुळून आलेली आढळली, म्हणजे त्यांच्यावर उपचार झाले होते.

सिंधू संस्कृतीचा पाठ असेल तर तोही उपयोगी पडतो. पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी १९२४ मध्ये या संस्कृतीचा शोध जगासमोर मांडला, पण तिची लिपी आजही वाचता आलेली नाही. त्यामुळे तिथल्या राजांची नावे किंवा लोकांच्या प्रार्थना सांगणारा पाठ कल्पनेला तथ्य म्हणून विकतो आहे. आक्रमकांनी कत्तल करून ही नगरे संपवली, असे पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांचे जुने मत जसेच्या तसे दिले असेल तर मजकूर कित्येक दशके शिळा आहे; आज अभ्यासक पावसाचे कमी होणे आणि नद्यांमधील बदल यांकडे अधिक लक्ष देतात.

आवृत्तीचे वर्ष पाहायला विसरू नये. आपल्या जातीच्या मानवाचे मोरोक्कोतील अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच्या पुस्तकात दोन लाख वर्षे असणे ही लेखकाची चूक नाही, पण जुना संच वापरायचा असेल तर अशा जागा पालकाने पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवाव्यात.

त्यानंतर सूची उघडावी आणि मोजावे. स्त्रिया किती आहेत, शेतकरी, कारागीर, खलाशी आणि मुले किती आहेत, किती खंडांतली माणसे आहेत? एखाद्या प्रदेशातले लोक केवळ जिंकले जाण्यासाठीच पुस्तकात येतात का? ‘शोध लावला’ हा शब्द तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसांच्या भूमीबद्दल वापरला आहे का? ही मोजणी एका बैठकीत होते आणि प्रस्तावनेतले चार परिच्छेद वाचण्यापेक्षा अधिक काही सांगून जाते. दंतकथा आणि धर्मकथा यांना हरकत नाही, त्या मुलांना कळायलाच हव्यात. फक्त ‘लोक असे सांगत आले’ आणि ‘असे घडले’ या दोन वाक्यांत पुस्तकाने फरक ठेवलेला असावा.

चौथी पायरी: ‘हे कशावरून कळलं?’ याचे उत्तर पुस्तकात आहे का?

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानते, म्हणून जरा थांबून लिहिते. इतिहास म्हणजे घडून गेलेल्या गोष्टींची यादी, अशी समजूत एकदा मुलाच्या मनात बसली की ती काढायला पुढे फार कष्ट पडतात. सॅम वाइनबर्ग या अमेरिकी संशोधकाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासकार आणि हुशार शालेय विद्यार्थी यांना एकाच लढाईची तीच कागदपत्रे वाचायला दिली होती. इतिहासकार मजकूर वाचण्याआधी तो कोणी, कधी लिहिला हे पाहत होते आणि एक कागद दुसऱ्याशी ताडून बघत होते. विद्यार्थी मात्र वरून खाली सरळ वाचत होते, जणू कागद स्वतःच बोलतो आहे. ही सवय सात वर्षांच्या मुलाला पूर्णपणे लागणार नाही, पण तिचे बीज त्याच वयात पडते आणि ते एका साध्या प्रश्नातून पडते.

एक उदाहरण घेऊ. पिरॅमिडबद्दलचा बहुतेक पाठ आकड्यांनी भरलेला असतो: किती दगड, किती उंची, किती वर्षे. २०१३ मध्ये लाल समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ या ठिकाणी फ्रेंच अभ्यासक पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे, म्हणजे एका वनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदाचे, तुकडे सापडले. लिहिलेल्या पपायरसांपैकी आजवर सापडलेले हे सर्वांत जुने. त्यांत मेरेर नावाच्या एका अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. आपल्या माणसांना घेऊन तो नदीपलीकडच्या तुरा इथल्या खाणींतून चुनखडीचे दगड नावेत भरतो, गीझाला आणतो, उतरवतो आणि पुन्हा परत जातो. खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी. आता मुलासमोर राजाऐवजी एक माणूस आहे, त्याची नाव आहे, त्याचे रोजचे काम आहे आणि ते त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. ‘हे कशावरून कळलं?’ या प्रश्नाला मूल बोट ठेवून सांगू शकेल असे उत्तर आहे. चांगला अभ्यासक्रम अशा जागा शोधून देतो. नमुना-पाठात एकही जागा अशी नसेल, तर हा प्रश्न तुम्हाला दर आठवड्याला स्वतः विचारावा लागेल आणि उत्तरही स्वतःच शोधावे लागेल. त्याची तयारी असेल तरच तो संच घ्यावा.

पाचवी पायरी: वाचा, मिटा, ऐका

ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी मुलाने एकदा ऐकलेला मजकूर लगेच आपल्या शब्दांत सांगावा, या पद्धतीवर फार भर दिला होता. अभ्यासक्रम निवडण्यासाठी याच्याइतके चांगले साधन मला दुसरे सापडलेले नाही. कृती अशी: दोन किंवा तीन संचांतला शक्यतो एकाच विषयावरचा पाठ निवडा. दोन वाचनांत आठवडाभराचे अंतर ठेवा. दहा-बारा मिनिटे मोठ्याने वाचा, मध्येच प्रश्न विचारू नका, पुस्तक मिटा आणि ‘आता तू मला सांग’ एवढेच म्हणा. मूल सांगत असताना दुरुस्ती करू नका. जे सांगेल ते शब्दशः लिहून घ्या, आणि सांगून झाल्यावर विचारलेले प्रश्न वेगळ्या पानावर लिहा.

माझी मुलगी सात वर्षांची असताना मी रोझेटा शिळेवरचे, म्हणजे इजिप्तमध्ये सापडलेल्या एका प्राचीन कोरीव दगडाबद्दलचे, दोन पाठ असे वाचले. पहिला देखण्या, रंगीत संचातला होता. त्यात १७९९ साली फ्रेंच सैनिकांना शिळा सापडली, तीवर तीन लिप्यांत मजकूर होता आणि १८२२ मध्ये फ्रेंच अभ्यासक शांपोल्यों यांनी प्राचीन इजिप्तची चित्रलिपी उलगडली, असे सगळे नेमके आणि बरोबर लिहिले होते. पुस्तक मिटल्यावर ती म्हणाली, “एक दगड होता. तो सैनिकांना सापडला. मग एकाने तो वाचला.” आणि खेळायला गेली. दुसऱ्या पाठात तीच हकिकत होती, पण लेखक एका खुणेपाशी थांबला होता: राजांची नावे लंबगोल चौकटीत लिहिली जात, आणि ग्रीक मजकुरात टॉलेमीचे नाव वाचता येत होते, म्हणून चौकटीतल्या चिन्हांवर ते नाव बसवून पाहता आले. त्या दिवशी तिने कागदावर स्वतःचे नाव लिहून त्याभोवती लंबगोल काढला, मग माझे, मग मांजरीचे. सांगताना सन एकही आला नाही, शांपोल्यों यांचा उल्लेख ‘तो फ्रान्सचा माणूस’ असा झाला, पण शेवटी तिने विचारले, “राजाचं नाव कळलं, पण मग बाकीचे शब्द कसे कळले?” त्याचे उत्तर कॉप्टिक भाषेत आहे. ती प्राचीन इजिप्ती भाषेचेच पुढचे रूप, आणि शांपोल्यों यांनी तिचा कसून अभ्यास केला होता. दुसऱ्या संचातला पुढचा पाठ याच मुद्द्यावर होता. म्हणजे लेखकाला मुलाच्या मनात कोणता प्रश्न उठणार हे ठाऊक होते. त्याचा कागद साधा होता, चित्रे काळी-पांढरी होती, तरीही मी तो घेतला आणि मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

लिहून घेतलेल्या पानांत काय शोधायचे? घटनांची साखळी टिकली आहे का, म्हणजे ‘मग’ बरोबर ‘म्हणून’ येते का. पुस्तकातला एखादा नेमका तपशील मुलाने उचलला आहे का. आणि प्रश्न पुढे नेणारा आहे का. ‘अजून किती पानं आहेत?’ असा प्रश्न आला तर मजकूर लांब आहे किंवा भाषा परकी आहे. भाषेचा मुद्दा इथे वेगळा नोंदवते: संच घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत नसेल तर वाचतानाच भाषांतर करावे लागते आणि थकलेल्या संध्याकाळी ते होत नाही. अशा वेळी तुम्ही पाठ आदल्या दिवशी वाचून, पुस्तक बाजूला ठेवून, गोष्ट आपल्या भाषेत सांगणे अधिक चांगले. मुलाने सांगणे तर मातृभाषेतच असावे.

सहावी पायरी: कालरेषेशी जुळते का ते पाहा

कालरेषा विकत आणण्याची गरज नाही. कागदाची लांब पट्टी घ्या आणि दहा वर्षांना एक सेंटिमीटर असे माप धरा. सात वर्षांच्या मुलाचे सगळे आयुष्य सात मिलिमीटरमध्ये मावते, सत्तर वर्षांच्या आजीचे सात सेंटिमीटरमध्ये. इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिचा मृत्यू, इ.स.पू. ३०, सुमारे दोन मीटरवर येतो आणि गीझाचा मोठा पिरॅमिड साधारण साडेचार मीटरवर. क्लिओपात्रा पिरॅमिडच्या जितकी जवळ, त्याहून आपल्या अधिक जवळची आहे, हे पट्टीसमोर उभे राहिल्यावर मुलाला सांगावे लागत नाही. फ्रान्समधल्या लास्को गुहेतली आदिमानवाची चित्रे सुमारे सतरा मीटरवर, म्हणजे पट्टी दाराबाहेर न्यावी लागते. डायनोसॉर नाहीसे झाले ते याच मापाने छासष्ट किलोमीटरवर, आणि माणूस डायनोसॉरबरोबर राहत होता का हा प्रश्न तिथेच कायमचा सुटतो.

अभ्यासक्रमात प्रत्येक पाठाला निदान अंदाजे काळ दिलेला असावा, म्हणजे तो पट्टीवर मांडता येतो. मुलाला सन पाठ नसला तरी चालते, पालकाला तो पुस्तकात सापडला पाहिजे. इसवी सनापूर्वी आणि नंतर यांच्यामध्ये शून्य वर्ष नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, हे पट्टी आखताना ध्यानात ठेवावे. नऊ वर्षांच्या मुलाला ही गंमत सांगितली की तो वजाबाकी आनंदाने करतो.

सातवी पायरी: दुःखद आणि क्रूर घटनांचे काय केले आहे

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांत भरले गेले. हे सात वर्षांच्या मुलाला कसे सांगायचे? काही संच गाळून टाकतात, काही ‘कामासाठी नेले’ असे लिहितात, आणि काही इतके तपशील देतात की मूल रात्री झोपत नाही. माझा नियम असा आहे की लहान मुलाला कमी सांगावे, पण जे सांगू ते पुढे खोटे ठरू नये. ‘माणसांना पकडून, त्यांच्या मनाविरुद्ध, घरच्यांपासून तोडून नेलं आणि विकलं’ हे वाक्य सात वर्षांच्या मुलाला पेलते आणि पंधराव्या वर्षीही खरेच राहते. ‘कामासाठी नेले’ हे वाक्य पंधराव्या वर्षी त्याला फसवणूक वाटेल, आणि ती फसवणूक पुस्तकाबरोबर तुमच्या नावावर जमा होईल. निवड करताना संचातला असा एक पाठ मुद्दाम आधी स्वतः वाचावा. त्यात सोसणाऱ्यांनी केलेला प्रतिकार आणि त्यांना साथ देणारी माणसे आहेत का, हेही पाहावे. मुलाला धरून ठेवायला तेवढा आधार लागतो.

आठवी पायरी: आपला वेळ मोजा

या वयात आठवड्यातून दोन-तीन वेळा वीस ते तीस मिनिटे इतिहासाला पुरतात. शिक्षक-मार्गदर्शिका वाचायलाच तासभर लागत असेल तर उत्तम संचही दोन महिन्यांत कपाटात जातो. कृतिपुस्तिकांबाबत विशेष सावध राहावे. साखरेच्या चौकोनांचा पिरॅमिड करताना मुलाचे सगळे लक्ष डिंकाकडे असते आणि आठवणीतही डिंकच राहतो. पण ओंडक्यांवर किंवा ओल्या वाळूवरून जड पेटी ओढून पाहणे, मातीच्या पाटीवर काडीने खुणा दाबणे, सावलीची लांबी दुपारी आणि संध्याकाळी मोजणे, या कृतींत हात जे करतात त्याचाच विचार डोक्यातही चालू असतो. नमुना-पाठातल्या कृती वाचताना ‘हे करताना माझे मूल कशाबद्दल विचार करेल?’ असे स्वतःला विचारावे.

तुम्ही राहता तिथे होमस्कूलिंगचे नियम काय आहेत, नोंदी ठेवाव्या लागतात का आणि मूल पुढे शाळेत जाणार असेल तर तिथे कोणता इतिहास अपेक्षित आहे, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. देशोदेशी हे नियम फार वेगळे आहेत. जर्मनीत तर शाळेत प्रत्यक्ष हजर राहणेच सक्तीचे आहे.

नववी पायरी: सहा आठवडे वापरा, मग ठरवा

निवडलेल्या संचाचा पहिला खंड तेवढाच घ्या आणि सहा आठवडे न बदलता चालवा. दोन आठवड्यांत निर्णय घेऊ नये, कारण नवेपणाचा उत्साह आणि नवेपणाची कुरकुर दोन्ही तेवढे दिवस टिकतात. मुलाने सांगितलेले तुम्ही लिहून घेता ती वही चालू ठेवा. सहाव्या आठवड्यानंतर पहिले आणि शेवटचे पान शेजारी ठेवून वाचा. शेवटच्या पानावर वाक्ये वाढली असतील, मागच्या पाठातली एखादी गोष्ट आजच्या पाठात आपणहून आली असेल, किंवा ‘हे त्यांना कशावरून कळलं?’ हा प्रश्न तुमच्याऐवजी मुलाने विचारला असेल, तर उरलेले खंड मागवावेत. यांपैकी काहीच नसेल तर आधी वाचनाची वेळ बदलून आणि पाठाचे दोन तुकडे करून आणखी दोन आठवडे पाहावे. तरीही पान कोरडेच राहिले तर संच दुसऱ्या कुटुंबाला द्यावा आणि नमुना-पाठांच्या यादीतला पुढचा पाठ त्याच आठवड्यात वाचायला घ्यावा.